जलीय द्रावणांतील रेणूंची गती आणि क्ष-किरण : ‘संरचना’ ह्या संज्ञेचा एक इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

पाण्यात मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, विरघळविले असता त्या द्रावणाची श्यानता शुद्ध पाण्याहून वाढते. म्हणजेच द्रावण किंचित अधिक संथपणे वाहू लागते. ह्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. परंतु पोटॅशियम क्लोराइड विरघळविले तर सामान्य तापमानास श्यानता वाढण्याऐवजी अल्पशी घटते, आणि सीझियम आयोडाइड विरघळविले तर ती अधिक स्पष्टपणे घटते. पाण्यात एक घन पदार्थ मिसळावा आणि त्यामुळे पाणी अधिक सहज वाहू लागावे, ही गोष्ट चमत्कारिक खरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्वाझय ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवांचा अभ्यास केला, तेव्हापासून ती संशोधकांना ठाऊक आहे. १९२९ मध्ये जोन्स आणि डोल ह्या दोघांनी क्षारांच्या ह्या परिणामास एका समीकरणाचे रूप दिले. त्या समीकरणातील एक सहगुणक काही क्षारांच्या बाबतीत धन, तर काहींच्या बाबतीत ऋण येतो.

समीकरण मिळाले, तरी कारण मिळाले असे होत नाही. कारण म्हणून पुढे जे सांगण्यात आले ते असे : काही आयन पाण्याची ‘संरचना’ दृढ करतात, तर काही ती मोडतात. हे उत्तर पाठ्यपुस्तकांत रुळले आणि पुष्कळ काळ पुरेसे मानले गेले. प्रस्तुत लेखाचा हेतू ह्या उत्तरातील ‘संरचना’ हा शब्द कोठून आला, त्याच्या पाठीशी कोणता प्रयोग उभा होता, आणि त्या प्रयोगास गतीविषयी बोलण्याचा अधिकार कितपत होता, हे पाहण्याचा आहे. हा इतिहास बव्हंशी क्ष-किरणांचा आहे. तथापि तो एका संज्ञेचाही इतिहास असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकास त्याविषयी काही म्हणता येण्याजोगे आहे.

आरंभी एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. पाणी चार अंश सेल्सिअस तापमानास सर्वांत घन का असते, ह्याचे स्पष्टीकरण देताना १८९२ मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञाने अशी कल्पना मांडली की, द्रव पाण्यात बर्फाच्या जातीचे रेणू आणि दुसऱ्या एका जातीचे रेणू ह्यांचे मिश्रण असावे. हा शास्त्रज्ञ म्हणजे व्हिल्हेल्म राँटगेन होय. पुढे तीनच वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याने ज्या किरणांचा शोध लावला त्यांचे स्वरूप अज्ञात असल्यामुळे त्यांना बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर दिले. मराठीने त्या अक्षराचे केवळ लिप्यंतर केले नाही. आपल्या बीजगणितात अज्ञात राशीसाठी जे अक्षर रूढ होते, ते ‘क्ष’, तिने तेथे योजिले. अक्षराचा ध्वनी सोडून त्याचे कार्य उचलणारे असे भाषांतर विरळा होय. पाण्याच्या घडणीविषयीचा प्रश्न आणि त्याचे उत्तर शोधण्याचे साधन, ही दोन्ही अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या हातून विज्ञानास मिळाली. मात्र त्यांची गाठ पडण्यास आणखी काही दशके जावी लागली.

२. स्फटिकाकडून द्रवाकडे

१९१२ मध्ये लाउए, फ्रीड्रिख आणि क्निपिंग ह्यांनी स्फटिकातून क्ष-किरण जाताना त्यांचे विवर्तन होते असे दाखविले, आणि १९१३ पासून ब्रॅग पितापुत्रांनी त्या विवर्तनावरून स्फटिकांतील अणूंची मांडणी निश्चित करण्यास प्रारंभ केला. ह्या यशाचा परिणाम असा झाला की, ‘अणूंची मांडणी’ म्हणजे स्फटिकातील नियमित, पुनरावर्ती मांडणी हे समीकरण मनात ठसले. द्रवामध्ये अशी पुनरावृत्ती नाही. तेव्हा द्रवाकडून क्ष-किरणांना काही सांगितले जाईल ही अपेक्षा सकृद्दर्शनी व्यर्थ होती.

ही समजूत पेटर डेबाय ह्याने दूर केली. रेणू कितीही अस्ताव्यस्त पसरलेले असले, तरी ज्या अणूंमध्ये ठराविक अंतर वारंवार आढळते त्यांच्यापासून प्रकीर्ण होणाऱ्या किरणांत व्यतिकरण घडलेच पाहिजे, हे त्याने १९१५ मध्ये गणिताने दाखविले. आणि १९१६ मध्ये शेरर ह्याच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगांत द्रव बेंझीनचाही समावेश केला. स्फटिकाच्या चित्रात जेथे तीक्ष्ण ठिपके किंवा रेषा उमटतात, तेथे द्रवाच्या चित्रात एक विस्कटलेले, रुंद कडे उमटते.

ह्या कड्याचा अर्थ लावण्याच्या कामी भारतीय संशोधनाचा वाटा आरंभापासून आहे. कलकत्त्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ह्या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. आर. रामनाथन ह्यांनी १९२३ मध्ये द्रव, द्रवमिश्रणे आणि द्रावणे ह्यांच्या क्ष-किरण विवर्तनावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. कड्याच्या आतील, म्हणजे मूळ किरणाच्या लगतचा भाग जवळजवळ काळा का राहतो, हा त्यांतील एक प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे की, लहान कोनांत होणारे प्रकीर्णन द्रवाच्या घनतेतील चढउतारांवर अवलंबून असते. द्रव सहजासहजी दबत नाही, म्हणून हे चढउतार अल्प असतात आणि तेथे प्रकीर्णनही अल्प होते. प्रकाशाच्या प्रकीर्णनासाठी आइन्स्टाइन व स्मोलुखोव्ह्स्की ह्यांनी वापरलेला विचार येथे क्ष-किरणांपर्यंत नेला गेला. रामनाथन पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

१९२७ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी झेर्निके आणि प्रिन्स ह्या डच शास्त्रज्ञांनी, विवर्तनाच्या आलेखावर फूर्येचे रूपांतर केले असता द्रवातील कोणत्याही एका अणूपासून किती अंतरावर सरासरी किती शेजारी आहेत हे थेट काढता येते, असे दाखविले. ह्यालाच अरीय वितरण म्हणतात. त्याच सुमारास अमेरिकेत स्ट्यूअर्ट ह्याने द्रवात रेणूंचे लहान लहान, क्षणभंगुर, अर्धनियमित समूह असतात असे प्रतिपादन केले, आणि त्या अवस्थेस ‘सायबोटॅक्सिस’ असे नाव दिले. झेर्निके-प्रिन्स ह्यांची रीत टिकली. स्ट्यूअर्टची संज्ञा मागे पडली. परंतु द्रवाच्या पोटात मोडक्या स्फटिकाचे तुकडे शोधण्याची जी वृत्ती त्या संज्ञेत होती, ती मात्र संज्ञेबरोबर गेली नाही.

३. पाण्याचे चित्र

पाण्याचे पहिले सुसंगत चित्र १९३३ मध्ये बर्नाल आणि फाउलर ह्यांनी रेखाटले. पाण्याचा रेणू आपल्याभोवती चार शेजाऱ्यांना चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर ठेवू पाहतो, ही त्यांची मध्यवर्ती कल्पना. १९३८ मध्ये मॉर्गन आणि वॉरन ह्यांनी पाण्याचे विवर्तन शून्याच्या किंचित वरच्या तापमानापासून ८३ अंश सेल्सिअसपर्यंत काळजीपूर्वक मोजले, तेव्हा ह्या कल्पनेस भक्कम आधार मिळाला. पहिले शेजारी सुमारे २.९ अँगस्ट्रॉम अंतरावर सापडले. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा-कोट्यांश.) त्यांची सरासरी संख्या चारांहून थोडी अधिक भरली; एरवी साध्या द्रवांत ती दहाच्या आसपास असते. थंड पाण्यात आणखी एक उंचवटा ४.५ अँगस्ट्रॉमजवळ दिसला. बर्फात दोन लगतच्या रेणूंतील अंतर २.७६ अँगस्ट्रॉम असते, आणि चतुष्फलकाच्या भूमितीप्रमाणे शेजाऱ्याचा शेजारी त्याच्या १.६३ पट, म्हणजे ४.५ अँगस्ट्रॉमवरच यावयास हवा. आकडे जुळले. ‘पाण्यास संरचना आहे’ हे विधान येथून सिद्धवत् झाले.

ह्या विधानाचा नेमका अर्थ काय, हे येथेच थांबून पाहिले पाहिजे. क्ष-किरण आणि रेणू ह्यांची गाठ रेणूच्या हालचालीच्या मानाने इतक्या अल्प काळाची असते की, प्रत्येक प्रकीर्णनाच्या वेळी रेणू जणू स्थिर असतात. अशा असंख्य क्षणचित्रांची बेरीज म्हणजे विवर्तनाचा आलेख. त्यातून आपणास एवढेच कळते की, कोणत्याही एका क्षणी सरासरीने चार-साडेचार शेजारी जवळ असतात. तेच चार शेजारी पुढच्या क्षणीही आहेत, की ते बदलले. बदलले असल्यास किती वेळाने. आणि एक गेला म्हणजे दुसरा लगेच येतो की जागा रिकामी राहते, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आलेखात नाही. एखाद्या गावाच्या प्रत्येक घरी सरासरीने पाच माणसे आहेत हे शिरगणतीवरून कळते. त्या घरांतून भाडेकरू किती वेळा बदलतात हे कळत नाही.

४. ‘कारक’ आणि ‘भंजक’

पाण्याविषयी सिद्ध झालेली ही कालरहित संरचना आता द्रावणांकडे नेली गेली. १९४५ मध्ये फ्रँक आणि इव्हन्स ह्यांनी विद्राव्य रेणूंभोवती पाण्याचे जणू ‘हिमनग’ तयार होतात अशी भाषा वापरली. १९५३ मध्ये गर्नी ह्याने आयनांभोवतीच्या पाण्यातील सुव्यवस्था व अव्यवस्था ह्यांच्या आधारे श्यानतेचा विचार केला. १९५७ मध्ये फ्रँक आणि वेन ह्यांनी पाण्यातील हायड्रोजन-बंधांचे समूह लुकलुकणाऱ्या दिव्यांप्रमाणे क्षणोक्षणी उत्पन्न होतात व विलय पावतात असे मांडले, आणि आयनांची संरचनाकारक व संरचनाभंजक अशी विभागणी रूढ केली. लिथियम व सोडियम हे पहिल्या वर्गात, तर पोटॅशियम, सीझियम व आयोडाइड हे दुसऱ्या वर्गात गेले.

ह्या दोन संज्ञांची घडण पाहण्यासारखी आहे. ‘कारक’ आणि ‘भंजक’ ही दोन्ही पदे कर्तृवाचक आहेत, आणि ती ज्याच्यावर क्रिया करतात ती वस्तू अगोदरच अस्तित्वात आहे असे गृहीत धरतात. ‘मूर्तिभंजक’ म्हटले की मूर्ती आलीच. तसेच ‘संरचनाभंजक’ म्हटले की, मोडण्याजोगी एक संरचना पाण्यात उभी आहे हे सांगावे लागत नाही. ते समासातच सांगून झालेले असते. परंतु सीझियम हा संरचनाभंजक आहे हे ठरविले कशावरून? प्रामुख्याने त्याच्या द्रावणाची श्यानता घटते ह्यावरून. आणि श्यानता का घटते? तर सीझियम संरचनाभंजक आहे म्हणून. गतीवरून संरचनेचे अनुमान करावयाचे, आणि त्या अनुमानित संरचनेने पुन्हा गतीचे स्पष्टीकरण द्यावयाचे, असा हा अन्योन्याश्रय आहे. आपल्या नैयायिकांनी तो दोष म्हणूनच नोंदविलेला आहे.

हे चक्र मोडण्याचे सामर्थ्य त्या काळच्या क्ष-किरण विवर्तनात नव्हते. द्रावणांवर प्रयोग झाले नाहीत असे नव्हे. प्रिन्स ह्याने १९३० नंतरच्या दशकात, आणि ब्रेडी व क्राउझ ह्यांनी १९५७ मध्ये आयनयुक्त द्रावणांचे विवर्तन अभ्यासिले. परंतु अडचण दुहेरी होती. एक तर क्ष-किरणांचे प्रकीर्णन इलेक्ट्रॉनांपासून होते. पाण्याच्या रेणूत दहा इलेक्ट्रॉन आणि सोडियम आयनातही दहाच, म्हणून त्यांचा भेद क्ष-किरणांस फारसा दिसत नाही. क्लोराइडात अठरा आणि सीझियम आयनात चोपन्न इलेक्ट्रॉन असल्यामुळे ते अधिक उठून दिसतात. शिवाय एका लिटरला एक मोल इतके मीठ असता प्रत्येक सोडियम-क्लोराइड जोडीमागे पाण्याचे पंचावन्नांच्या आसपास रेणू असतात. आयनांचा आवाज त्या गर्दीत बुडून जातो. दुसरी अडचण मूलभूत होती. प्रश्न गतीचा होता आणि साधनास काळ दिसत नव्हता.

५. काळाचा प्रवेश

१९५४ मध्ये लेऑन व्हान होव्ह ह्याने ह्या दुसऱ्या अडचणीवरील तात्त्विक तोडगा दिला. प्रकीर्ण किरणाची केवळ दिशा न मोजता त्याच्या ऊर्जेत झालेला फरकही मोजला, तर दिशेवरून अंतर आणि ऊर्जेवरून काळ अशी दोन्ही माने मिळू शकतात, हे त्याचे प्रतिपादन. ह्यातून निघणाऱ्या सहसंबंध-फलनाचा आशय साध्या शब्दांत असा : आरंभक्षणी एक रेणू येथे होता, तर अमुक काळानंतर अमुक अंतरावर रेणू सापडण्याचा संभव किती? हा सापडणारा रेणू तोच असेल तर त्यास फलनाचा स्वभाग, आणि दुसरा असेल तर परभाग म्हणता येईल. काळ शून्य घेतला म्हणजे परभागातून झेर्निके-प्रिन्स ह्यांचे जुने अरीय वितरण परत मिळते. म्हणजे विवर्तनाचे चित्र खोटे ठरत नाही. ते एका मोठ्या फलनाचा, काळ शून्य असतानाचा, एक छेद ठरते.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ह्या ठिकाणी सोस्यूरचे स्मरण झाल्याशिवाय राहणार नाही. त्याची व्याख्याने १९१६ मध्ये, म्हणजे डेबाय-शेरर ह्यांच्या प्रयोगाच्याच वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. भाषेची एककालिक अवस्था आणि कालक्रमिक परिवर्तन ह्यांचा अभ्यास पृथक् केला पाहिजे, हा त्यांतील सिद्धान्त. बुद्धिबळाच्या पटावरील स्थिती समजण्यास आधीच्या खेळ्या माहीत असण्याची गरज नाही, हा त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. एककालिक वर्णन स्वतःपुरते पूर्ण असू शकते, हे खरे. परंतु त्या वर्णनावरून परिवर्तनाचे कारण सांगू लागल्यास मर्यादाभंग होतो. हे साम्य दृष्टान्तापुरतेच घ्यावयाचे आहे. रेणूंना परंपरा नसते आणि भाषेस ऊष्मीय समतोल नसतो. परंतु दोन्हीकडील सावधगिरी मात्र एकच आहे.

व्हान होव्हची रीत प्रथम न्यूट्रॉनांना लागू पडली, ह्याचे कारण ऊर्जेच्या प्रमाणात आहे. एक अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या न्यूट्रॉनाची ऊर्जा सुमारे ८२ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. द्रवातील रेणूंच्या हालचालीमुळे तीत काही मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा फरक पडतो, आणि तो सहज मोजता येतो. कॅनडात ब्रॉकहाउस ह्याने १९५०-६० ह्या दशकात अशा मोजमापांचा पाया घातला व पाण्यावरही प्रयोग केले. त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यास १९९४ मध्ये शल ह्याच्यासमवेत मिळाले. मात्र साध्या पाण्यातील हायड्रोजनामुळे न्यूट्रॉनांचे जे प्रकीर्णन होते त्यात एकेका अणूच्या स्वतःच्या हालचालीचाच, म्हणजे स्वभागाचा, वरचष्मा असतो. एक रेणू सरकला असता शेजाऱ्याने काय केले, हा परभागातील प्रश्न त्यामुळे झाकला जातो.

ह्याच काळात संगणकाने तिसरा मार्ग उघडला. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान ह्यांनी अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत १९६४ मध्ये द्रव आर्गॉनच्या ८६४ अणूंची गती गणिताने पावलोपावली सोडविली आणि तीवरून व्हान होव्हचे फलन काढून दाखविले. १९७१ मध्ये त्यांनी स्टिलिंजर ह्यांच्यासह २१६ रेणूंच्या पाण्याची अशीच प्रतिकृती रचली. तरी प्रतिकृती ती प्रतिकृतीच; तिला प्रयोगाची साक्ष हवी होती.

६. क्ष-किरणांचे पुनरागमन

क्ष-किरणांना ही साक्ष देणे कठीण का होते, हे वरील आकड्यांवरूनच समजेल. एक अँगस्ट्रॉमच्या क्ष-किरणाची ऊर्जा सुमारे १२,४०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तीत एक मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टाचा फरक ओळखणे म्हणजे सव्वा कोटीत एकाचा फरक ओळखणे होय. सिंक्रोट्रॉनाचे प्रखर किरण आणि जवळजवळ उलट दिशेने किरण परतविणारे अत्यंत शुद्ध सिलिकॉन स्फटिक, ह्यांच्या साहाय्यानेच ते शक्य झाले. ह्या स्फटिकांचे तापमान अंशाच्या सहस्रांशाइतक्या काटेकोरपणे सांभाळावे लागते. जर्मनीत बुर्केल, डोर्नर आणि पाइस्ल ह्यांनी १९८७ मध्ये ह्या रीतीची व्यवहार्यता दाखविली. १९९५ मध्ये ग्रनोब्ल येथे सेत्ते व त्यांचे सहकारी ह्यांनी पाण्यावर प्रयोग करून, अतिसूक्ष्म अंतरांवर पाण्यातून कंप सेकंदास सुमारे ३,२०० मीटर वेगाने जातात ह्या निष्कर्षास पुष्टी दिली. सामान्य ध्वनीचा वेग पाण्यात सुमारे १,५०० मीटर असतो. इतक्या अल्प काळात शेजारी बदलण्यास रेणूंना अवसरच मिळत नाही, म्हणून पाणी तेवढ्यापुरते घनासारखे वागते.

दरम्यान ‘संरचनाभंजक’ ह्या संज्ञेवर दुसरीकडून आघात झाला होता. १९९५ मध्ये लेबरमन व सोपर ह्यांनी न्यूट्रॉन विवर्तनावरून, क्षारांचा पाण्याच्या मांडणीवरील परिणाम मोठ्या दाबाच्या परिणामासारखा असतो असे सांगितले. उलट २००३ मध्ये नेदरलंड्समधील ओम्टा, बाकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अवरक्त प्रकाशाच्या अतिलघू स्पंदांचा उपयोग करून असे दाखविले की, त्यांनी घेतलेल्या क्षारांच्या आयनांना अगदी लगटून असलेले रेणू सोडले तर इतर पाण्याच्या रेणूंच्या फिरण्यावर आयनांचा लक्षणीय परिणाम दिसत नाही. एक मोजमाप कालरहित मांडणीचे, दुसरे रेणूच्या फिरण्याचे. दोन्ही ‘संरचना’ ह्याच शब्दाने बोलत होती. वाद अंशतः वस्तूचा होता, अंशतः शब्दाचा.

२०१७ मध्ये इवाशिता, एगामी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दिशा व ऊर्जा ह्या दोहोंच्या विस्तृत पल्ल्यात पाण्याचे अप्रत्यास्थ क्ष-किरण प्रकीर्णन मोजले, आणि दुहेरी फूर्ये-रूपांतराने पाण्याचे व्हान होव्ह फलन अंतर व काळ ह्यांच्या भाषेत प्रत्यक्ष काढले. ह्यातील काळाचे माप पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाख-कोट्यांश, हे आहे. त्यांना असे आढळले की, पहिल्या शेजाऱ्यांचा सहसंबंध आणि दुसऱ्या शेजाऱ्यांचा सहसंबंध हे स्वतंत्रपणे क्षीण होत नाहीत. त्यांची गती परस्परांशी बांधलेली असते. श्यानतेचा उगम समजण्यास हाच स्थानिक, कालिक सहसंबंध महत्त्वाचा आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. २०१९ मध्ये शिनोहारा, एगामी व इतर ह्यांनी हीच रीत मिठाच्या द्रावणास लावली आणि पाण्याचा रेणू व ऋण आयन ह्यांची परस्परसंबद्ध हालचाल त्या फलनात वेगळी ओळखून दाखविली. पूर्वी अडचण ठरलेली इलेक्ट्रॉनांची संख्या येथे उपयोगी पडली : हायड्रोजन क्ष-किरणांस जवळजवळ अदृश्य असल्यामुळे पाण्याचा रेणू एका गोलासारखा दिसतो, आणि अठरा इलेक्ट्रॉनांचे क्लोराइड त्याच्याशेजारी उठून दिसते.

७. उपसंहार

ह्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष संशोधनाइतकाच परिभाषेस लागू आहे. ‘संरचना’ हा शब्द स्फटिकशास्त्राकडून आला. तेथे मांडणी टिकाऊ असल्यामुळे काळाचा उल्लेख न करणे निर्दोष होते. तोच शब्द द्रवास लावताना काळ गाळला गेला आहे ही गोष्ट विसरली गेली, आणि मग गतीच्या प्रश्नांची उत्तरेही त्याच शब्दाकडून मागितली जाऊ लागली. पोटॅशियम क्लोराइडाचे द्रावण सहज का वाहते, ह्याचे उत्तर ‘कारक’ व ‘भंजक’ ह्या नावांत नाही. आयनाजवळचा रेणू किती काळ तेथे राहतो, आणि तो गेला असता त्याचे शेजारी कसे वागतात, ह्यांच्या मोजमापात ते शोधावे लागेल. सोडियम क्लोराइडापुरता त्या मोजमापास प्रारंभ झाला आहे. ज्या क्षारांनी श्यानता घटते त्यांच्या पंक्तीत ते क्रमाने नेणे हे उघडच पुढचे काम होय.

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी ह्यावरून एक व्यावहारिक संकेत पाळण्यास हरकत नसावी. एका क्षणीच्या सरासरी मांडणीस ‘रचना’ म्हणावे. काळ व अंतर ह्या दोहोंत पसरलेल्या संबंधास ‘सहसंबंध’ म्हणावे. आणि ‘संरचनाकारक’ व ‘संरचनाभंजक’ ह्या संज्ञा वापरावयाच्याच झाल्या तर त्या कोणत्या मोजमापावरून दिल्या आहेत हे त्याच वाक्यात सांगावे. आपल्या परिभाषेचे बरेचसे शब्द आपण तयार स्वरूपात घेतो, त्यामुळे त्यांच्या पोटातील गृहीतेही तयारच येतात. ‘क्ष’ हे अक्षर निवडताना आपल्या पूर्वसूरींनी जेवढा विचार केला, तेवढा पुढील संज्ञांच्या बाबतीतही करणे अवघड नाही.